कानशीचा आवाज

कुलपाच्या पोटात खुंटी नव्हती.

रविवारची दुपार होती. झाकण उलटं करून तिने टेबलावर ठेवलं होतं, त्याचे स्क्रू ज्याच्या त्याच्या कोपऱ्यात मांडले होते, आणि आता हात पुसून ती नुसती बघत बसली होती. आत जुनं ग्रीस होतं, काळं, घट्ट, अर्धा वास तेलाचा आणि अर्धा मातीचा. पितळेच्या पात्या होत्या, एकावर एक, पत्त्यांच्या कॅटसारख्या नीट बसलेल्या. स्प्रिंगा होत्या. एक तर अजून ताठ होती, इतक्या वर्षांनी बोट लावताच टचकन उडाली. सगळं जागेवर होतं, फक्त खुंटी नव्हती. आणि दाराच्या कुलपात खरं काम तीच करते. किल्ली नाही करत. हे ती कुणालाही सांगायला तयार असायची, पण विचारायचं कोण? चौकटीत घुसते ती लोखंडाची जाड जीभ. त्या जिभेच्या पाठीवर हरभऱ्याएवढी खुंटी उभी असते. पात्या वरून तिच्यावर बसतात आणि तिला मागे सरकू देत नाहीत. खरी किल्ली आली की सगळ्या पात्या एकदम, एकाच उंचीला उचलल्या जातात आणि खुंटीला वाट मिळते. एवढंच काय ते कुलूप. खुंटी नसली तरी किल्ली फिरते, खटका वाजतो, जीभ बाहेर येते, लावणाऱ्याला वाटतं दार बंद झालं. पण पात्या तिथे रिकाम्या हवेला अडवत बसलेल्या असतात. तिने बोटाच्या टोकाने जीभ ढकलली. ती मागे गेली. परत बाहेर ओढली, परत ढकलली. परत गेली. कसलाही विरोध न करता गेली, एखादं माणूस ‘बरं बरं’ म्हणत मागच्या मागे सरकावं तशी.

हे कुलूप धाकट्या भावाने आणलं होतं. बाबांच्या कारखान्याची जुनी वसाहत पाडायला घेतली म्हणून तो बघायला गेला होता, आणि जाताना स्क्रूड्रायव्हर खिशात घालून गेला होता, हे त्याच्या स्वभावाला धरूनच होतं. “ताई, ओळख बघू,” असं म्हणत त्याने वर्तमानपत्राची पुडी तिच्या हातात ठेवली, आणि तिने ओळखायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, “आतल्या खोलीचं! दार तर कुणीतरी सरपणाला नेलंय, हे चौकटीपाशी धुळीत पडलं होतं. गंजलंय पार. पण तुझ्या हातात काय, मेलेलं कुलूप उठून बसतं.” भावाला त्या कुलपाबद्दल एवढंच माहीत होतं की ते आतल्या खोलीचं होतं. ते लागायचं बंद झालं त्यानंतर तो जन्मला. त्याच्या आठवणीत ती खोली म्हणजे पावसाळ्यात कपडे वाळत घालायची जागा. आईने पुडी मागून घेतली होती, मांडीवर ठेवून उलटसुलट करून पाहिली होती, आणि म्हणाली होती, “एवढंसंच होतं होय?” मग चहाचं काय झालं म्हणून विचारलं होतं.

एवढंसंच होतं. तळहाताहून थोडं मोठं. तिच्या मनातलं कुलूप मात्र तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होतं आणि तिच्या तोंडाएवढं होतं.

ती दिवसभर तुटलेल्या वस्तू बघायची, हेच तिचं नोकरीचं काम होतं. धातू तपासायच्या प्रयोगशाळेत कुठून कुठून तुकडे यायचे: गाडीचा आस, झुल्याची कडी, पुलाच्या कठड्याचा एखादा नट. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती सांगायची की हे कसं तुटलं. एका फटक्यात तुटलेल्या लोखंडाचा चेहरा वेगळा असतो आणि रोज थोडं थोडं वाकून थकलेल्याचा वेगळा. थकलेल्यावर वर्तुळं दिसतात, पाण्यात खडा टाकल्यासारखी, आणि त्यांच्या मध्यावर बघितलं तर जिथून सुरुवात झाली ती जागा सापडते, एक बारीकशी चीर, जी कुणाच्याही लक्षात आलेली नसते. लोकांना वाटतं वस्तू आज तुटली. तिला माहीत होतं की ती फार पूर्वीपासून तुटत आलेली असते. अहवालाच्या शेवटी कारण लिहायचं असतं, एका वाक्यात. ते तिला चांगलं जमायचं. घरी मात्र ती तुटलेल्या वस्तू नुसत्या बघत नसे, दुरुस्त करायची. त्यातही फक्त दारांची जुनी कुलपं. भंगारवाले तिला ओळखायचे. ‘कुलूपवाल्या बाई आल्या’ म्हणून एक जण तर हातातलं काम सोडून पोत्यात हात घालायचा. ती गंज रॉकेलमध्ये भिजवायची, पात्या एकेक करून घासायची, नसलेली किल्ली कोऱ्या तुकड्यातून कानशीने घडवायची. झालेली कुलपं कपाटात मांडून ठेवायची. कुठल्याही दाराला तिने त्यातलं एकही लावलं नव्हतं. या घराला आतून एकही कडीकोयंडा नव्हता. आईच्या खोलीच्या दारावर पूर्वी होता, तो तिनेच राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात काढून भोकांत लांबी भरली होती.

भिंग डोळ्याला लावून तिने जिभेची पाठ दिव्याखाली धरली. पहिला प्रश्न सोपा होता. खुंटी तुटली असती तर तिथे दाणा दिसला असता, साखरेच्या खड्यासारखा खरखरीत. तसं नव्हतं. तिथे एक गुळगुळीत, किंचित फुगीर टेकाड होतं आणि त्यावर ओरखडे. म्हणजे खुंटी तुटली नव्हती, कुणीतरी ती घासून काढली होती. तिच्या छातीत काहीतरी एकदम हलकं झालं. बाबा, तिला वाटलं. बाबांनी केलं हे. बाबा कारखान्यात फिटर होते, कानस त्यांच्या हातात लेखणीसारखी चालायची. म्हणजे त्यांनी कुलूप लावलं, पण आधी घरी बसून त्यातला जीव काढून घेतला. किल्ली खिशात घालून दुसऱ्या पाळीला जाणारे बाबा, सायकलवर वाकलेली त्यांची पाठ, ती पाठ इतकी वर्षं तिने मनात जशी धरली होती तशी ती नसेलच, असं तिला क्षणभर वाटलं. आणि तेवढा एक क्षण ती त्या टेबलाशी खरोखर सुखात होती. मग तिने भिंग नीट लावलं.

कानस एकाच दिशेने बोलते, असं बाबा म्हणायचे. पुढे जाताना कापते, मागे येताना उचलायची, नाहीतर दात मरतात. त्यांच्या हातचा ओरखडा सरळ असायचा, एकाच्या शेजारी दुसरा, पट्टीने आखल्यासारखा. हे ओरखडे तसे नव्हते. पुढेही होते आणि मागेही, एकमेकांना छेदणारे, गोलाई घेतलेले, आणि फार बारीक. लोखंड घासायच्या कानशीला इतके बारीक दात नसतात. कितीदा तरी हत्यार घसरून जिभेच्या पाठीवर ओरखडलं होतं, आणि ते सगळे घसरलेले ओरखडे उजवीकडे गेलेले होते. असं डावऱ्या हाताचं जातं. तिने स्क्रू उचलून पाहिले. त्यांच्या डोक्यांवरच्या खाचा स्क्रूड्रायव्हरने गेल्या तर कडांनी जातात. या मधोमध गोल झिजल्या होत्या, काहीतरी जाड आणि बोथट घालून पुन्हा पुन्हा फिरवल्यासारख्या. कुलपाची पेटी ज्या बाजूला असते त्याच बाजूला तिचे स्क्रूही असतात, आणि ही पेटी दाराच्या आतल्या अंगाला होती. आतल्या माणसाने बाहेरच्यांपासून स्वतःला जपावं म्हणून केलेलं कुलूप होतं ते. बाबांनी ते उलटं वापरलं. स्क्रू कैद्याच्या हाताशी राहिले.

पलीकडच्या खोलीत आई खोकली आणि थांबली. तिने भिंग खाली ठेवलं. ऊन टेबलावरून सरकून तिच्या मनगटावर आलं होतं आणि मनगटावरची लव सोनेरी दिसत होती. आईची नखं घासायची कानस. नक्षीदार मूठ असलेली, पोलादी, कुणीतरी लग्नात दिलेली. आणि तो आवाज.

तो आवाज ती विसरली नव्हतीच. फक्त तो कशाचा, हे तिने कधी विचारलं नव्हतं. संध्याकाळी बाबा कामावर जायचे. जायच्या आधी आतल्या खोलीत पाण्याची कळशी ठेवायचे, ताट झाकून ठेवायचे, मासिकं ठेवायचे, खिडकीच्या गजांना हात लावून बघायचे, आणि मग आईला म्हणायचे, “बस हं आता शांत.” आवाज चढलेला तिने कधी ऐकला नाही. बाबा वाईट नव्हते. वाईट असते तर सगळं सोपं झालं असतं. आई त्यापूर्वी दोनदा घरातून गेली होती. एकदा बसच्या थांब्यावर सापडली, हातात पिशवी नाही, पायांत चपला मात्र नीट घातलेल्या. दुसऱ्यांदा कालव्याच्या पुलावर, कठड्याला टेकून उभी. “कुठे चालली होतीस?” “कुठे नाही.” याहून पुढे उत्तर गेलं नाही. शेजारणी म्हणाल्या डोकं फिरलंय, डॉक्टर म्हणाले विश्रांती, आणि बाबांनी दोन्ही मतांचा मान राखला. पहिल्या संध्याकाळी दार लागल्यावर ते तिच्यासमोर उकिडवे बसले. त्यांच्या अंगाला कारखान्याच्या साबणाचा वास यायचा. “हे कुलूप फार नाजूक आहे, बाळा,” ते म्हणाले. “पिन घालायची नाही, चमचा घालायचा नाही, दार हलवायचं नाही. आतलं यंत्र बिघडलं की मलासुद्धा उघडता यायचं नाही. मग आई कायमची आत.” तिने मान डोलावली. ती दुसरी-तिसरीत होती आणि तिला यंत्रांची समज होती. त्यानंतर ती दाराला टेकायचीसुद्धा जपून, आधी पाठीचा वरचा भाग, मग हळूहळू कंबर.

कारण ती तिथेच बसायची. हे तिचं स्वतःचं होतं, कुणी सांगितलेलं नव्हतं. शाळेतून आली, बाबा गेले, की दप्तर घेऊन दाराशी. “कोण आहे बाहेर?” आई आतून विचारायची, जसं काही तिथे कुणीही असू शकलं असतं. “मीच.” “अजून इथेच? जा, खेळायला जा.” “नको.” “पोरी खेळताहेत ना मैदानावर, आवाज येतोय मला.” “मला नाही खेळायचं. मी इथेच बसणार.” “जा गं बाई. जा थोडा वेळ. माझं ऐक.” “तू एकटी पडशील.” यावर आई पाढे म्हणायला सांगायची. पाढे झाले, अभ्यास झाला, दिवा लागला, की कधीतरी आतून तो आवाज सुरू व्हायचा. खस्स, खस्स, खस्स. थांबायचा. फुंकर मारल्याचा आवाज. पुन्हा खस्स, खस्स. “काय करतेस आई?” “नखं घासतेय.” आणि तो आवाज ऐकता ऐकता तिला झोप लागायची. जगात इतकं सुरक्षित तिला नंतर कधीच, कुठेच वाटलं नाही. आई आहे, आत आहे, नखं घासतेय. आईची नखं मुळापर्यंत कुरतडलेली असायची. ताट वाढणाऱ्या त्या हातांना घासण्यासारखं नखच नव्हतं, हे तिने रोज पाहिलं होतं. पाहिलेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायच्या, एवढंच तर पुढे ती आयुष्यभर पगार घेऊन करत आली. पण या दोन कधी शेजारी आल्या नाहीत. लोक विचारायचे, हे कुलपांचं वेड कुठून लागलं? वडिलांकडून, ती सांगायची. ते फिटर होते. आणि रविवारी टेबलाशी बसून पहिल्यांदा कानस फिरवली की मानेमागे जी ऊब पसरायची, डोळे मिटावेसे वाटायचे, तीही तिने बाबांच्याच नावावर लावून टाकली होती.

म्हणजे आई बाहेर येऊ शकत होती. तिने हे वाक्य अहवालातल्यासारखं मनात लिहिलं आणि ते हलत नाही हे पाहिलं. आई बाहेर येऊ शकत नव्हती आणि आपण तिला बाहेर काढू शकत नव्हतो, यावर तिचं सगळं उभं होतं. प्रयोगशाळेत पूर्वी एक वजनमापं तपासणारा माणूस होता, हळू बोलणारा, कागदाच्या कडा बोटाने सरळ करत बसणारा. त्याची दुसऱ्या शहरात बदली झाली तेव्हा त्याने तिला विचारलं होतं, सरळ, जिन्यात उभं राहून. “आई आहे,” ती म्हणाली. “त्यांनाही घेऊन जाऊ.” “ती यायची नाही.” “विचारलंस का त्यांना?” “त्यात विचारायचं काय?” तो एक पायरी उतरला. “तू एकदा विचारून तर बघ,” म्हणाला, आणि खाली गेला. तिने विचारलं नाही. ज्या मुलीने कुलपात पिनसुद्धा घातली नाही, तिला पुन्हा दाराशी बसण्यावाचून दुसरं काही फेडण्यासारखं नव्हतं. तिला तो त्याग वगैरे कधी वाटला नाही. फक्त हिशेब बरोबर आहे असं वाटायचं. आणि आता एका बाजूला मांडलेली गोष्टच नाही असं निघालं. दार उघडं होतं. मग आई का आली नाही? हे कळलं नाही तर मागचं सगळं कशासाठी होतं ते सांगता येणार नव्हतं, आणि आईची तब्येत बघता विचारायला फार रविवार उरले नव्हते. तिने जीभ पुन्हा एकदा बोटाने ढकलली. गेली.

ती चहा करायला उठली. भांड्यातलं पाणी उकळून आटलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, मग पुन्हा ठेवलं. आईची उशी पाठीमागे उभी केली, कप दिला, बिस्किटांची बशी पांघरुणावर ठेवली. आई हलकी झाली होती. उठवून बसवताना दर वेळी तिच्या वजनाचा अंदाज चुकायचा, हात जरा जास्तच जोराने उचलला जायचा.

“काय म्हणतंय आमच्या शहाण्याचं कुलूप?” आईने विचारलं. भावाला ती शहाणा म्हणायची, आणि तिला शास्त्रज्ञबाई. दोन्हींत कौतुक किती आणि चिमटा किती ते सांगता यायचं नाही.

“उघडलं.”

“निघालं का काही आत? सोनंनाणं?”

“खुंटी नाही आत.”

“कसली खुंटी?”

“तू घासलीस ती.”

आईने बिस्किट चहात धरलं होतं. ते धरलेलंच राहिलं, आणि मऊ होऊन तुटून कपात पडलं. “गेलं,” आई म्हणाली. “चमचा दे गं.” तिने चमचा आणून दिला. आई कपाच्या तळातून बिस्किट काढत राहिली, लक्ष देऊन, तुकडा न तुकडा, डाव्या हाताने. मग चमचा चाटून बशीत ठेवला.

“कळलं म्हणायचं तुला. शिकलीस ते अगदीच वाया नाही गेलं.”

“बाबांना माहीत होतं?”

“छे! त्यांना त्यांच्या किल्लीचा केवढा भरवसा. मरेपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही मी.” आईला हे सांगताना बरं वाटत होतं. तिच्या गालांना किंचित रंग आला होता. “फिटरची बायको ना मी. स्क्रू कसे निघतात एवढं बघून बघून येतंच की. चमच्याच्या दांड्याने काढायचे. आत बघितलं तर सगळं त्या एका टोकावर अडलेलं. मग काय, बसले घासत. दुसरं काय काम होतं मला? एक दिवस हात दुखायचा, एक दिवस तू जागी असायचीस. केवढे दिवस गेले त्यात.”

“स्क्रूच निघत होते, तर सरळ कुलूप काढायचंस आणि जायचंस.” तिला स्वतःचा आवाज प्रयोगशाळेतला वाटला.

“आणि परत कोण बसवणार घाईघाईने, अंधारात? ते यायच्या आत सगळं जिथल्या तिथे दिसायला नको? पळून जायचं होतं का मला? अगं, मला नुसतं रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यायचं होतं. रोज. जरा चालून यायचं, वारा घ्यायचा, आणि ते यायच्या आत परत येऊन बसायचं. तेव्हासुद्धा तेवढंच हवं होतं. बसच्या थांब्यावर काय, पुलावर काय. कुणी नीट विचारलंच नाही.”

“मी विचारलं नाही?”

“तू केवढी होतीस!”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत होतं, आणि मग पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. आई ऐकत राहिली. “घ्या, येऊ द्या आणखी,” म्हणाली आणि हसली.

“आई. मग गेलीस का नाही?”

“तू हलशील तर ना! रोज म्हणायची मी, जा बाई, खेळायला जा. तर तू आपली तिथेच, मठ्ठ. म्हटलं झोपल्यावर तरी जाऊ.” आईने पांघरुणावरचा चुरा बोटाने गोळा करायला घेतला. “आणि गेले की एकदा. म्हणजे निघाले. घासून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. चमच्याने ती जीभ अशी मागे सारली, दार उघडलं, इतका आनंद झाला होता मला! बघते तर तू उंबऱ्यात आडवी. गाल फरशीवर, तोंड उघडं. दारालाच टेकून झोपलेली ना, दार आत गेलं तशी तूही अर्धी आत आलीस. तरी उठली नाहीस. म्हटलं चला, ओलांडून जाऊ. एक पाय टाकलासुद्धा पलीकडे.” आई थांबली. तिचे खांदे हलायला लागले होते. तिला हसू आवरत नव्हतं. “आणि तू डोळे उघडलेस. काय म्हणालीस माहितेय? म्हणालीस, ‘आई, आत जा ना गं. कुलूप बिघडलं तर तू कायमची अडकशील.’”

आई हसली, हसता हसता खोकली, तिने आईच्या पाठीवर हात फिरवला तेव्हा हाताला एकेक मणका लागला. “अगं, मी बाहेर उभी!” आई धाप घेत म्हणाली. “एक पाय आत, एक बाहेर. आणि तू मला म्हणतेस अडकशील. काय तो चेहरा तुझा! रडायला आली होतीस.”

“मग?”

“मग काय? गेले आत. तुला बाहेर सरकवलं, दार ओढून घेतलं. तू म्हणालीस, ‘लागलं का नीट?’ म्हटलं, लागलं. मग झोपलीस.”

“दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवसापासून तू उशी घेऊन यायला लागलीस.”

तिला उशी आठवत होती. निळ्या पट्ट्यांची होती, एका कोपऱ्यातून कापूस यायचा. बाकीचं काही आठवत नव्हतं. तिने आठवायचा प्रयत्न केला, फरशीचा गारवा, दाराच्या खालच्या फटीतला उजेड, सगळं होतं, पण आईचा पाय नव्हता, आईचा चेहरा वरून वाकलेला नव्हता, तो प्रसंगच नव्हता. तिथे गुळगुळीत होतं.

“मला आठवत नाही,” ती म्हणाली.

“झोपेत होतीस तू. त्याचं काय एवढं!” आईने गोळा केलेला चुरा बशीत झटकला. “नंतर मग मलाच जावंसं वाटेना. तुझे बाबा म्हणाले बघ, आता कशी शांत झाली, आता कुलूप नको. शहाण्याच्या वेळचे दिवस होते तेव्हा. म्हणाले, जा, फिरून ये हवं तर. मी म्हटलं, कशाला?” ती उशीवर मागे टेकली आणि डोळे मिटले. डोळे मिटूनच म्हणाली, “तू काय करणार आता त्याचं?”

“नवी खुंटी बसवते.”

“बसव. वस्तू कशी धड असावी. आणि दार राहू दे उघडं. तुझं ते घासणं ऐकू आलं ना, की डोळा लागतो माझा. इतक्या वर्षांची सवय.”

ती टेबलाशी येऊन बसली. कुलूप तसंच उघडं पडलेलं होतं. खुंटी बसवणं अवघड नसतं. तिने ते कितीतरी कुलपांना केलं होतं. पोलादाची सळई घ्यायची, बोटाच्या पेराएवढा तुकडा कापायचा, पकडीत धरायचा, चारी बाजूंनी सारखा घासत मापात आणायचा. जिभेला भोक पाडायचं, तुकडा त्यात बसवून मागून ठोकायचा. मग पात्या, मग स्प्रिंगा, मग झाकण. किल्ली फिरवायची आणि बोटाने जीभ ढकलून बघायची. ती हलली नाही की कुलूप कपाटात. तिने सळई कापली. तुकडा पकडीत धरला. आतल्या खोलीतून काही आवाज येत नव्हता, पण ती झोपेची शांतता नव्हती, कुणीतरी वाट बघत असल्याची होती. तिने कानस उचलली.

खस्स. खस्स. खस्स.

थोड्या वेळाने तिने तुकड्यावर फुंकर मारली, पात्यांच्या खाचेशी लावून पाहिला. जाड होता. पुन्हा घासायला लागली. ऊन टेबलावरून उतरून फरशीवर गेलं होतं. मानेमागे ऊब पसरायला हवी होती, तिची ती वाट बघत होती, पण मान नुसती मान राहिली. आतून आईचा श्वास आता ऐकू येऊ लागला होता, लांब, सावकाश, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा. तिने पुन्हा लावून पाहिला. बसला. इतका नेमका की बोटाला सांधा कळत नव्हता. आता थांबायचं होतं.

ती थांबली. आतला श्वास अडखळला, पलंग करकरला. “झालं का गं?” झोपेतून आवाज आला.

“नाही,” ती म्हणाली. “झोप तू.”

तिने तुकडा पुन्हा पकडीत धरला आणि कानस चालू केली, पुढे आणि मागे, न उचलता. आईचा श्वास परत लागला. लोखंडाचा बारीक, करडा चुरा तिच्या बोटांवर, मनगटावर, टेबलावर साचत होता. खुंटी मापाच्या खाली गेली, मग हरभऱ्याची डाळ झाली, मग तेवढीही राहिली नाही. ती घासत राहिली.